शाळा, धर्म आणि आईबापाची संमती



शाळेच्या दाराशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे आणि कडूही आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तर तो नाकारला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला, तेव्हा कुठे विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी शाळाही आपल्याला मोकळ्या झाल्या, त्याही कागदावर!

दार उघडले, पण आत गेल्यावर पोरांना कुणापुढे हात जोडायला लावतील, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर घटनेत आहे. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. परमपूज्य बाबासाहेबांनी कारणे देऊन सांगितले की, कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि त्यातून एकाच धर्माची शिकवण द्यायची, हे चालणार नाही. शिवाय प्रत्येक धर्म म्हणतो, माझाच मार्ग खरा. मग शांतता राहील कशी?

तेच आजचे कलम २८. पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण वा पूजा असली, तरी सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे सही आईबापाची, हेडमास्तरांची नव्हे!

हे नुसते पुस्तकातले नाही. १९८५ साली केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावले. २०१३ साली नाशिककडच्या एका शिक्षकाच्या बाबतीत मुंबई हायकोर्टानेही सांगितले, की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या आपण घरात म्हणतो आणि शाळेत पोरगं गुमान पूजेला बसतं. मग त्याने खरं काय मानायचं? भांडण नको. दोन ओळींचा अर्ज लिहा, कलम २८ चा उल्लेख करा, पोच घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. आपल्या संस्थेच्या अनुदानित शाळेत उद्या मुसलमानाचं लेकरू आलं, तर त्याच्या आईबापाच्या संमतीवाचून त्याला त्रिसरण म्हणायला लावता येणार नाही. जो हक्क आम्ही मागतो, तो दुसऱ्यालाही दिला पाहिजे. हीच बाबासाहेबांची शिकवण, हाच धम्म.

जय भीम! नमो बुद्धाय!