पाच धान्यांबाहेरचे पीक

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही दोघे मुलीकडे टोकियोला गेलो होतो. एका दुपारी तिने आम्हाला घराजवळच्या सोबाच्या दुकानात नेले. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या हाताने कापलेल्या शेवया. दुकान जेमतेम बारा माणसांचे. दारावर कापडी पडदा, आत काचेआड दगडी जाते. जाते विजेवर फिरते, पण इतके सावकाश की ते थांबले आहे असे वाटावे. वेगाने फिरवले तर पीठ तापते आणि वास उडून जातो. मालक सत्तरीचे. सकाळी दळायचे, मळायचे, लाटायचे, कापायचे आणि केलेले संपले की दार लावायचे, असा त्यांचा शिरस्ता. नोव्हेंबर हा नव्या सोबाचा मोसम, त्यामुळे दाराशी रांग होती.

बसल्याबरोबर गरम चहा आला. हिने दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. "अहो, आज कार्तिकी एकादशी! तुम्ही दोघं खा. मला चहा पुरे."

मुलगी ओशाळली. तिने मालकांना जपानीत सारे समजावून सांगितले: आज आईचा उपास आहे, धान्य चालत नाही. ते क्षणभर थांबले आणि काही बोलले. मुलीने त्याचे मराठी केले ते असे: "हिएई डोंगरावरचे भिक्षूसुद्धा व्रतात धान्य सोडतात. पण सोबा खातात. सोबा धान्य नाही."

ही हसली, पण खाल्ले नाही. शेवयांत थोडे गव्हाचे पीठ होते, सोबतच्या आमटीत मासा होता, आणि मुख्य म्हणजे तिच्या आईच्या उपासाच्या यादीत सोबा हे नाव नव्हते. मी मात्र त्या एका वाक्यात अडकलो. मी काही जपानचा अभ्यासक नाही. वीस वर्षे नोकरी सांभाळून महाराष्ट्रातल्या उपासाच्या पदार्थांच्या नोंदी गोळा करत आलो आहे, तेवढीच माझी पात्रता. धान्य कशाला म्हणायचे हा प्रश्न त्या कामात रोज भेटतो. तो टोकियोत, शेवयांच्या ताटापाशी भेटेल असे वाटले नव्हते.

आधी वनस्पतिशास्त्र. मालकांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. गहू, तांदूळ, ज्वारी, नाचणी ही सारी गवताच्या कुळातली. सोबाचे रोप त्या कुळातले नाही. आपण भाजीत घालतो तो आंबट चुका त्याचा भाऊबंद. त्याचे पान हृदयाच्या आकाराचे, फूल पांढरे किंवा गुलाबी आणि बी काळपट, तीन कडांचे. जपानीतले जुने नाव 'सोबामुगी'. त्यात 'सोबा' म्हणजे कड किंवा कोन आणि 'मुगी' म्हणजे गहू किंवा जव. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी त्याला गव्हाच्या पंगतीला बसवले, पण कोन तेवढा वेगळा नोंदवून ठेवला. या पिकाचा रानटी पूर्वज क्योतो विद्यापीठाच्या ओमी ओनिशी यांना 1990 च्या सुमारास नैऋत्य चीनमधल्या युन्नानात सापडला. तिथून ते एकीकडे जपानला गेले, दुसरीकडे हिमालयात. किन्नौर आणि उत्तराखंडात ओगला आणि फाफर या नावांनी ते आणि त्याचे कडू भावंड पिकते, आणि उत्तर भारतात नवरात्राच्या उपासाला कुट्टूच्या पुऱ्या तळल्या जातात. म्हणजे हिएईचा भिक्षू आणि दिल्लीतली एखादी व्रतस्थ गृहिणी, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच पिकापाशी येऊन थांबली आहेत. दोघांचा युक्तिवादही एकच: हे धान्य नव्हे.

हिएई डोंगर क्योतोजवळ, तेंदाई पंथाचे मुख्य पीठ तिथे आहे. त्या पंथातले काही मोजके भिक्षू सात वर्षांत मिळून हजार दिवस डोंगर चालण्याचे व्रत करतात. ते पुरे झाल्यावर एक मोठा होम असतो आणि त्याच्या आधी शंभर दिवस पाच धान्ये आणि मीठ वर्ज्य. त्या काळात सोबाचे पीठ पाण्यात कालवून घेतात. आता ही पाच धान्ये कोणती? याद्या थोड्याफार बदलतात, पण साधारणपणे तांदूळ, जव-गहू, राळा, वरीच्या नात्यातले एक बारीक धान्य आणि कडधान्य. इथे मी चमकलो. वरी! आपली भगर ही चोख गवताच्या कुळातली आहे. म्हणजे आपला एकादशीचा भात हिएईचा भिक्षू नाकारील आणि त्याचे व्रताचे पीठ आपल्याकडची एकादशीवाली नाकारील. दोघेही धान्य सोडणारेच.

तेव्हा यादी वनस्पतिशास्त्राने ठरत नाही. मग कशाने ठरते? सोबाचा इतिहास त्याचे एक उत्तर देतो.

इ. स. 722 मध्ये सम्राज्ञी गेन्शो हिने एक फर्मान काढले. उन्हाळ्यात पाऊस पडला नव्हता, भात गेले होते. प्रांताधिकाऱ्यांना आज्ञा झाली की लोकांकडून उशिरा येणारे भात, सोबा, जव आणि गहू पेरून घ्यावेत आणि साठवून ठेवावेत. सोबाचा हा जपानमधला पहिला ठळक लेखी उल्लेख. राज्याला या पिकाची आठवण झाली ती पहिले पीक बुडाल्यावर. कारणही व्यवहाराचे आहे. सोबा अडीच महिन्यांत हाती येतो, हलक्या जमिनीत येतो, थंड डोंगरउतारावर येतो. तांदूळ हे दरबाराचे पीक. पुढे जमिनीची किंमत, सरदाराची ऐपत, सामुराईचा पगार, सारे तांदळाच्या मापात मोजले गेले. सोबा त्या हिशेबाच्या कडेला राहिला, ज्या डोंगरात भात होत नाही तिथल्या माणसांच्या पोटापुरता.

तिथेही त्याच्या शेवया नव्हत्या. गरम पाण्यात पीठ घोटून उकडीसारखा गोळा करायचा आणि खायचा, ही जुनी रीत. शेवया कापण्याची, म्हणजे 'सोबाकिरी'ची, आज माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद 1574 ची आहे. ती सापडली नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यात, जोशोजी नावाच्या मठाच्या कागदांत. मठाच्या दुरुस्तीचे काम चालू होते. कोणी काय दिले त्याची ती यादी, आणि तीत कामावरच्या लोकांना सोबाकिरी खाऊ घातल्याचा उल्लेख. एका पाककृतीच्या इतिहासाची सुरुवात कुठल्या राजाच्या पंगतीत होत नाही, ती गवंडी-सुतारांच्या जेवणात होते, हे मला फार आवडले.

1643 मध्ये छापलेल्या 'र्योरी मोनोगातारी' या पाककलेच्या पुस्तकात कृती आली आहे. पीठ पेजेने मळा, कोमट पाण्याने मळा किंवा वाटलेल्या तोफूच्या पाण्याने मळा. तीन पर्याय का द्यावे लागले ते ज्याने कधी नाचणीची पोळी लाटली असेल त्याला लगेच कळेल. गव्हासारखा चिकटपणा या पिठात नाही, ते तुटते. पुढे गव्हाचे पीठ मिसळण्याची युक्ती रूढ झाली. आठ भाग सोबा आणि दोन भाग गहू, याला 'निहाची' म्हणतात. नि म्हणजे दोन, हाची म्हणजे आठ. पण या शब्दावर वाद आहे. काहींच्या मते दोन गुणिले आठ म्हणजे सोळा, आणि एदोत म्हणजे जुन्या टोकियोत एका वाडग्याची किंमत पुष्कळ काळ सोळा मोन होती. प्रमाणाच्या बाजूने अडचण अशी की निव्वळ गव्हाच्या उदोन शेवयांनाही 'निहाची' म्हणत. किमतीच्या बाजूने अडचण अशी की हा शब्द पाट्यांवर आला तेव्हा वाडगा सोळा मोनांपेक्षा बराच स्वस्त होता. मला वाटते, ग्राहकाला दोन्ही अर्थ ऐकू येत होते आणि दुकानदाराची त्याला हरकत नव्हती.

एदो शहराने सोबाला उचलून धरले. 1657 च्या प्रचंड आगीनंतर शहर पुन्हा बांधायला मजूर लोटले. एकट्या पुरुषांचे शहर, राहायला खोली, चुलीची सोय बेताची. उभ्या उभ्या खाता येईल असे काही हवे होते. रात्री खांद्यावर कावड घेऊन सोबावाले हिंडू लागले. कावडीत निखारे असत, म्हणून 1686 मध्ये सरकारने अग्नी घेऊन फिरत उदोन आणि सोबा विकायला बंदी केली. बंदी चालली नाही. 1860 च्या एका मोजणीत एदोत सोबाची 3763 दुकाने भरली आणि त्यात रात्रीचे फेरीवाले धरलेलेच नव्हते.

बंदीची दुसरी गोष्ट मठातली आहे. एदोतल्या असाकुसा भागात शोओइन नावाचा मठ होता आणि त्याच्या आवारात दोकोआन हे छोटे उपमंदिर. तिथला भिक्षू सोबा इतका सुरेख करी की लोक दर्शनापेक्षा शेवयांसाठी गर्दी करू लागले. शेवटी 1786 मध्ये मुख्य मठाने दाराशी दगड उभारला: आवारात सोबा होतो, त्याने मठाचा आचार बिघडतो, सबब सोबाला आत मज्जाव. जो पदार्थ हिएईवर व्रताला चालतो तोच इथे व्रतभंग ठरला. पीठ तेच, पाणी तेच. बदलली होती ती खाणाऱ्यांची चव. आणि सोबावाल्यांनी काय केले? त्या मंदिराच्या नावातला 'आन' म्हणजे झोपडी, पर्णकुटी हा शब्द त्यांनी आपल्या दुकानांच्या नावांना जोडला. आजही जपानभर सोबाच्या दुकानांची नावे 'आन'ने संपतात. 1923 च्या भूकंपानंतर शोओइन मठ टोकियोच्याच सेतागाया भागात गेला. तो दगड तिथे आहे. मुलीबरोबर जाऊन मी तो पाहून आलो. अक्षरे मला वाचता येत नव्हती, पण दगडावर हात ठेवला.

ज्या हातकामासाठी आज रांगा लागतात तेही मधल्या काळात जवळजवळ संपले होते. 1883 मध्ये मासाकी तेरुसातो यांनी शेवयांचे यंत्र काढले आणि विसाव्या शतकात बहुतेक दुकानांत यंत्र आले. हाताने करणे ही गरज उरली नाही. ते पुन्हा रुजवण्यात मोठा वाटा काताकुरा यासुओ (1904-1995) यांचा. 1926 मध्ये त्यांनी टोकियोत 'इस्साआन' नावाचे दुकान काढले. कुठल्या जुन्या घराण्यात उमेदवारी केलेली नव्हती. पीठ, पाणी, लाटणे, सुरी यांच्याशी झगडत ते आपले आपण शिकले. आणि शिकले ते झाकून ठेवले नाही, पुढे उघड वर्ग घेऊन शिकवले. आजच्या कितीतरी लहान दुकानांची विद्या तिथून आली आहे. स्वतःच्या वाटेने शिकलेल्या माणसाबद्दल मला अंमळ जास्त आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

म्हणजे ज्याला आपण शेकडो वर्षांची अखंड परंपरा समजून रांगेत उभे राहतो ती मध्येच तुटलेली आणि प्रयत्नाने सांधलेली आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही. आपल्या उपासाच्या यादीचेही असेच आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीजांच्या आधीच्या कुठल्याही आजीने उपासाला साबुदाण्याची खिचडी केलेली नाही. राजगिराही मूळचा तिकडचाच. परके होते, म्हणून ते कुठल्या जुन्या निषेधात सापडले नाहीत. नव्याला यादीत जागा मिळाली ती बहुधा याच फटीतून. सोबाही जपानमध्ये अशाच फटीतून आला. दरबाराच्या हिशेबाच्या कडेला, पाच धान्यांच्या बाहेर, नावातच कोन घेऊन. ज्याला मुख्य पंगतीत पान नव्हते त्याला दुष्काळाने बोलावले, व्रताने बोलावले, मजुराने बोलावले आणि शेवटी रांगेतल्या शौकिनाने.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. मालकांनी हिला ओळखले. तिच्यासाठी निव्वळ सोबाच्या, गहू न घातलेल्या शेवया आल्या, आमटीऐवजी एका चिमुकल्या बशीत मीठ. तिने चार शेवया मिठाला लावून खाल्ल्या आणि म्हणाली, "कुळथाच्या जवळपास वास आहे. पण मऊ." मग शेवया उकडलेले पांढरट पाणी आले. हे जेवणाच्या शेवटी प्यायचे असते, आपल्या पेजेसारखे. तिने तेही संपवले.

निघताना मुलीने सहज विचारले की इथला चहा कसला. मालक म्हणाले, सोबाचाच. दाणे भाजून उकळत्या पाण्यात घालतात.

ही थबकली. "म्हणजे काल मी तो प्यायले तेव्हा एकादशी मोडली?"

मुलीने प्रश्न जपानीत केला. मालकांनी मान वाकवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी भाषांतराची गरज पडली नाही. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या वहीत लिहून ठेवा. चहा चालतो."

मी लिहून ठेवले आहे. तारीख टाकली आहे आणि पुढे कंसात, कोणी सांगितले तेही.