राजुऱ्याचा साग

सागवानी दारे आणि शहाबादी फरशी नव्या घरांत पुन्हा मानाने येऊ लागली आहेत. राजुऱ्यात मात्र ती कधी हौसेची वस्तू नव्हती. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५९ मध्ये तो चांद्यास जोडला गेला. शहाबादही त्याच राज्यात. तेव्हा तेथील फरशी परमुलखाची नव्हती. साग तर रानातलाच, आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. पुढे आवारपूर-गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आले, स्लॅबची घरे उठली. २०२३ मध्ये चांद्याचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. येथील दिवाणखान्यांत सागाच्या रंगाचा सनमायका! पाडलेल्या घराची चौकट सरपणात जाते, याचे आम्हांस वाईट वाटते. रंधा मारला, की तीच आणखी एक पिढी उभी राहील.