विद्यार्थी पोलीस छात्र : गौरव व सन्मान
शाळकरी मुलांना कायदा, नागरी शिस्त व समाजसेवा शिकवणारा पोलीस व शाळांचा संयुक्त उपक्रम आणि त्यातील छात्रांना मिळणारी मान्यता. केरळमध्ये २०१० साली प्रारंभ; २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राम येथून देशव्यापी विस्तार. राष्ट्रीय आराखडा आठवी-नववीसाठी असून त्यात परीक्षा नाही. म्हणून सन्मानाचे मोल अधिक. केरळात खाकी गणवेशातील छात्रांचे दीक्षान्त संचलन होते व दहावीला सवलतीचे गुण मिळतात. विषय : रस्ता सुरक्षा, महिला व बालकांची सुरक्षितता, आपत्ती व्यवस्थापन (पाहा : नागरी संरक्षण). यांतील शेवटचा रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर परिसराला सर्वांत निकडीचा : २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीवरील पूल वाहून गेला (पाहा : सावित्री नदी), २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळली. रासायनिक कारखान्यांच्या महाड औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळांसाठी वायुगळतीच्या वेळी वर्गाबाहेर कसे पडावे, हेही त्यातच बसते.