जुन्या फटफटीची उकल

नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४५ किलोमीटरांवर वसलेलें उमरेड हें गांव एके काळीं रेशीमकांठी धोतरांबद्दल प्रसिद्ध होतें. पुढें कोळशाच्या खाणींनीं त्याची ओळख पालटली. अशा गांवांतल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवींत, पोत्याखालीं झांकलेली लोखंडी फटफटी वर्षानुवर्षें उभी असावी, यांत नवल नाहीं. ती चालविणारा वडीलधारा माणूस गेला म्हणजे घरच्यांपुढें प्रश्न पडतो. भंगारवाल्यास ती वजनावर द्यावी, शहरांतल्या मिस्त्र्याकडे धाडावी, कीं घरच्या अंगणांतच उकलून तिचा जीर्णोद्धार करावा? 'उकलणें' हा शब्द येथें मुद्दाम योजला आहे. चुकलेली वीण कोष्टी उकलतो तेव्हां तो धागा तोडीत नाहीं. धागा कोठून कसा आला होता हें पाहत पाहत मागें जातो. यंत्राचेंहि तसेंच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांस याचें मर्म लौकर पटेल. पुण्याच्या पेशवे दप्तरांतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. एखाद्यानें घाईनें चार रुमाल सोडून त्यांतले कागद एकत्र केले, तर एकहि कागद फाटत नाहीं, तरी नुकसान फार मोठें होतें. कारण कोणता कागद कोणाशेजारीं होता हेंच मुळीं एक साधन असतें. जुनी मोटरसायकल म्हणजे अशाच रुमालांचें दप्तर होय. कोणता नट मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला, कोणत्या तारेला दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडला आहे, कोठें वायसरच्या जागीं भोकाचा पैसा घातला आहे (१९४३ पासून निघालेलें तें तांबडें नाणें पुष्कळ मिस्त्र्यांनीं याच कामीं खपविलें!), हें सर्व जागच्या जागीं आहे तोंवरच बोलतें. डब्यांत एकत्र पडलें कीं मुकें होतें.

आपल्याकडे जुनी फटफटी म्हटली कीं बहुधा बुलेट डोळ्यांपुढें येते, म्हणून तिचेंच उदाहरण घ्यावें. तिचें मूळ गांव इंग्लंडांतील रेडिच. हें गांव सुया करणाऱ्यांचें. ज्या कारखान्यांतून पुढें रॉयल एन्फील्ड निघाली तोहि आरंभीं सुयांचाच. सुयांवरून सायकली, सायकलींबरोबर बंदुकांचे सुटे भाग, आणि १९०१ सालीं पहिली मोटरसायकल, असा त्या घराण्याचा प्रवास झाला. 'बुलेट' हें नांव १९३२ मध्यें आलें. पण आपल्या ओळखीची, मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार असलेली बुलेट १९४८ सालीं इटलींतील सहा दिवसांच्या कसोटीच्या शर्यतींत उतरली, तेथें सुवर्णपदकें मिळवून आली आणि मग विक्रीस निघाली. १९५२ सालीं भारतीय लष्कराकडून तिची मागणी मद्रासच्या 'मद्रास मोटर्स' या पेढीकडे आली. १९५५ त 'एन्फील्ड इंडिया' स्थापन झाली आणि आजच्या चेन्नईजवळील तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. गमतीची गोष्ट अशी, कीं आरंभीं ही गाडी रेडिचहून सुट्या भागांच्या रूपानें येत असे आणि मद्रासला जोडली जाई. म्हणजे ती या देशांत आली तीच उकललेल्या स्थितींत! पुढें १९७० पर्यंत इंग्लंडांतलें तिचें घराणें बंद पडलें. मद्रासला मात्र तीच लोखंडी रचना, किरकोळ फेरफारांनिशीं, कैक वर्षें चालत राहिली. माहेर मोडलें, पण सासरीं लेकीनें माहेरचा रिवाज सोडला नाहीं, असा हा प्रकार.

नागपूरकडे नोंदलेल्या गाडीच्या इतिहासांत आणखी एक पदर असतो. १९५५ सालीं तेथें नोंदलेली गाडी मध्यप्रदेशाची होती, कारण नागपूर तेव्हां त्या राज्याची राजधानी होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं ती मुंबई राज्याची झाली आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राची. पडवींतून तसूभरहि न हलतां गाडीनें तीन राज्यें पाहिलीं. म्हणून क्रमांकाच्या पाटीवरचे रंगाचे थर खरवडण्यापूर्वीं त्यांवर तिरपा उजेड टाकून खालीं कांहीं अक्षरें दिसतात काय, हें पाहावें.

आतां पाना हातीं घ्यावा, तर पहिलाच नट अडवितो. घरच्या पेटींतला १३ चा पाना त्यावर चढत नाहीं. १४ चा चढतो, पण सैल बसतो. जोर केला कीं नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्याची पाळी येते. जुन्या गाड्यांवर असे छिन्नीचे घाव पुष्कळ दिसतात. त्यांत दोष नटाचा नसतो आणि पान्याचाहि नसतो. दोघे दोन निरनिराळ्या युगांतले असतात, इतकेंच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर फिरत नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञानें अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांच्या मापांचा मध्य काढला, आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरविला आणि कोणत्या जाडीच्या बोल्टावर इंचामागें किती आटे असावेत याचें कोष्टक मांडलें. तें कोष्टक ब्रिटिश साम्राज्याबरोबर सर्वत्र पसरलें. त्याच्या पद्धतींत पान्यावरचा आंकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणून पाव इंची व्हिटवर्थ पान्याचें तोंड प्रत्यक्षांत १३.३ मिलिमीटर भरतें. तेरा चढत नाहीं आणि चौदा सैल पडतो, तो याचसाठीं.

सायकली करणाऱ्यांस मात्र व्हिटवर्थचे जाडे आटे पातळ नळ्यांवर सोयीचे नव्हते. त्यांनीं १९०२ सालीं ६० अंशांच्या कोनाची बारीक पद्धत स्वीकारली; तींत बहुतेक बोल्टांना इंचास २६ आटे असत. मोटरसायकल ही सायकलच्या कुळांतली असल्यामुळें तिनें ही पद्धत वारसाहक्कानें उचलली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, पोलाद वांचविण्यासाठीं व्हिटवर्थ बोल्टांचीं डोकीं एका मापानें लहान करण्यांत आलीं. त्याच युद्धांत ब्रिटिश नट अमेरिकन बोल्टावर बसत नाहीं याचा दोस्तांना फार जाच झाला, आणि १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कानडा यांनीं समान आट्यांचा करार केला. म्हणजे आज अंगणांत बसलेला मनुष्य ज्या नटाशीं झगडत असतो, त्या नटांत शंभर वर्षांचा एवढा इतिहास आवळून बसलेला असतो.

भारतानें दशमान मापें १९५६ च्या कायद्यानें स्वीकारलीं आणि १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें अमलांत आणलीं. सारा देश इंच सोडावयास निघाला, त्याच सुमारास मद्रासच्या कारखान्यांत इंचांचे सांचे येऊन बसले! शिवाय मौज अशी, कीं याच बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. नट इंचांचे आणि पोट मिलिमीटरांचें. उमरेडकरांस मापांच्या या बेबनावाचें नवल वाटूं नये. नागपूर–नागभीड ही अडीच फुटी रुळांची आगगाडी १९०८ त सुरू झाली. रुंद रुळांवरून आलेला माल नागपुरास उतरवून तिच्या डब्यांत पुन्हा भरल्यावांचून तो आगगाडीनें उमरेडला पोंचत नसे. तो अरुंद मार्ग रुंदीकरणासाठीं २०१९ त बंद झाला.

तेव्हां घरीं उकल करणाऱ्यानें पहिला खर्च व्हिटवर्थ पान्यांच्या संचावर करावा, रंगावर नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोर बाजारांत धीर धरून फिरणाऱ्यास असे पाने मिळून जातात.

उकलण्याचा क्रम अनुभवी मिस्त्र्यांनीं ठरवून ठेवलेला आहे. गाडी आधीं धुऊं नये. चिखलाचे आणि तेलाचे थर कोठें गळती आहे हें सांगत असतात. धुतल्यावर तो पुरावा जातो. प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, मग बॅटरी सोडवावी, पेट्रोल व तेल काढावें. टाकी, बैठक, दिवा, मडगार्डें हीं वरचीं अंगें आधीं उतरवावीं आणि विजेच्या तारांचा मार्ग वहींत आंखून ठेवावा. प्रत्येक अंगाचे नट-बोल्ट निराळ्या डब्यांत, चिठ्ठीसह. शक्य तेथें बोल्ट काढून भाग उतरल्यावर तो बोल्ट त्याच भोकांत हातानें फिरवून ठेवावा, हें सर्वांत उत्तम. गंजलेल्या नटाला तेल पाजून दोन दिवस थांबावें; घरच्या कामास कोणी मुदत घातलेली नसते.

इंजिन सांगाड्यांतून उतरविण्याची घाई तर मुळींच करूं नये. क्लचचा मधला नट आणि इंजिनच्या दातेरी चक्राचा नट हे फार घट्ट असतात. गाडी गिअरमध्यें ठेवून, साखळ्या जागेवर असतांना, दुसऱ्या माणसानें मागचा ब्रेक दाबून धरला म्हणजे ते सुटतात. इंजिन एकदां टेबलावर आलें कीं त्याला धरणार कोण? सिलिंडर थोडा वर उचलतांच खालच्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबावें, नाहीं तर पिस्टनच्या खिळीला अडविणारी तारेची बारीक कडी आंत पडते आणि शोधतां शोधतां पुरेवाट होते.

सर्वांत फसवी जागा उजव्या बाजूच्या झांकणाखालीं आहे. तेथें इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावर, तेलाचा पंप फिरविणारा मळसूत्री नट असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. इंजिन ज्या दिशेनें फिरतें त्या ओघानें तो सैल न पडतां आवळत जावा, म्हणून ही योजना. घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविला तरच तो सुटतो. ज्यास हें ठाऊक नसतें तो नेहमींच्या संवयीनें उलट बाजूस जोर लावतो, नट आणखी आवळतो, मग पान्याला नळी लावून जोर वाढवितो, आणि साठ वर्षें धड राहिलेला भाग एका दुपारीं मोडून ठेवतो.

आणखी आंत गेल्यावर रेडिचचा खास स्वभाव दिसतो. जोडदांडा जेथें मुख्य दांड्यास मिळतो, तेथें बहुतेक कारखाने रुळांचें बेअरिंग घालीत. एन्फील्डनें मात्र एक सुटें, आंतून-बाहेरून दोन्हीकडे मोकळें फिरणारें कडें ठेवलें. मिस्त्री त्यास तरती बुश म्हणतात. तें कडें तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतें. पूर्वींच्या मालकानें तेल वेळेवर बदललें कीं नाहीं, याची साक्ष त्या कड्याचा पृष्ठभाग जितकी खरी देतो तितकी घरांतलें कोणीहि देऊं शकत नाहीं.

येथवर सारें कसबाचें झालें. सगळे भाग अंगणांत पसरले म्हणजे प्रत्येकास नवा रंग, नवा क्रोम, वाळूचा मारा देण्याचा मोह होतो. आपल्याकडील जीर्णोद्धाराची ही जुनी खोड आहे. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडास ऑइलपेंट फासला कीं देऊळ नवें झालें असें समजणारी मंडळी गांवोगांव सांपडतात. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हातानें ओढलेल्या असतात. पुसट झाल्या तरी त्या त्या कारागिराच्या असतात. लष्कराच्या लिलावांतून निघालेल्या गाडीच्या काळ्या रंगाखालीं कोठें तरी हिरवा थर लपलेला असतो. तो खरवडला, कीं ती गाडी कोठून आली हें सांगणारें पुष्कळदां दुसरें कांहीं उरत नाहीं. यावरून गंज जपून ठेवावा असा अर्थ कोणी घेऊं नये. ब्रेकचें अस्तर, टायर, विजेच्या तारा, पेट्रोलच्या नळ्या हीं बदललींच पाहिजेत. माणसाच्या जिवापुढें इतिहास दुय्यम. पण काढलेला मूळ भाग फेंकून न देतां डब्यांत घालून ठेवण्यास काय वेंचतें?

आतां तर कायद्यानेंहि या प्रश्नांत लक्ष घातलें आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेलीं, मूळ स्वरूपांत राखलेलीं, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेलीं दुचाकी व चारचाकी वाहनें त्यांत 'व्हिंटेज' ठरविलीं आहेत. नव्यानें नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात आणि त्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठेवलें आहे. आधींच नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं, प्रदर्शनास व मेळाव्यास नेतां येते. म्हणजे जो मूळ भाग हौसेखातर बदलून टाकला, तोच पुढें गाडीची जात ठरवितांना आडवा येऊं शकतो.

गाडीची ओळख शेवटीं दोन आंकड्यांवर उभी असते. एक सांगाड्याच्या मानेवर ठोकलेला, दुसरा इंजिनच्या पोटावर. वाळूच्या माऱ्यानें ते झिजतात, कानशीनें जातात, आणि लांबी भरून रंग दिला कीं असून नसल्यासारखे होतात. मग नोंदणीपुस्तक हातांत असूनहि तें याच गाडीचें हें सिद्ध करणें जड जातें. त्या आंकड्यांवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घांसली म्हणजे ते कागदावर उमटतात. परिवहन कार्यालयाच्या अर्जांवर असाच ठसा घेण्याची पद्धत जुनी आहे. असे दोन ठसे काढून एक नोंदणीपुस्तकांत ठेवावा, दुसरा कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा, खालीं तारीख घालावी, आणि मगच पहिल्या नटास पाना लावावा.