शेतकीचें शिक्षण व गांवची पाटिलकी : सोलापूर जिल्ह्यासंबंधीं कांहीं विचार

दक्षिणेंतील शेतकीशिक्षणाचा इतिहास लिहितांना बहुधा सरकारी अहवालांवरच भिस्त ठेवण्यांत येते. १८७९ मध्यें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शेतकीचा वर्ग निघाला, १९०७-०८ च्या सुमारास त्याचें स्वतंत्र कॉलेज झालें आणि १९६८ मध्यें राज्याचें पहिलें कृषि विद्यापीठ स्थापन झालें, इतकें सांगितलें कीं विषय संपला असें मानतात. या विद्येनें हीनस्थितींतील घराण्यांच्या मुलांच्या हातीं अधिकार कितपत आला, हा प्रश्न त्या मालिकेंत उमटतच नाहीं. आमच्या मतें तोच मूळचा प्रश्न होय. व त्याचें अस्सल साधन म्हणजे जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’.

१८८३ सालीं सिद्ध झालेल्या या ग्रंथाची कथा हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुणें, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादि ठिकाणीं जमलेल्या मंडळीस तो आधीं वाचून दाखविला गेला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनींही ऐकला. ‘दीनबंधु’ पत्रानें पहिले दोन भाग छापून पुढील भाग थांबविले, आणि ग्रंथकर्त्याच्या हयातींत तो समग्र छापला गेलाच नाहीं. १९६९ च्या समग्र वाङ्मयांत तो सर्वांस सुलभ झाला. त्याच वर्षीं राहुरी येथें विद्यापीठाचें कार्य सुरू झालें व पुढें तें फुल्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें, हा योगायोग मोठा गोड आहे.

ग्रंथाच्या मागें सोलापूरचीही पार्श्वभूमि आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानें हा जिल्हा होरपळला होता, आणि कर्जबाजारी कुणब्यांसाठीं झालेला १८७९ चा कायदा ज्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला त्यांत सोलापूर होतें. फुल्यांनीं शेवटल्या भागांत उपाय सुचविले. त्यांत बंधारे, तलाव व खत आहेतच; परंतु आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच कलमाकडे. मराठी सहावी इयत्ता उतरलेल्या व शेतकामाची परीक्षा दिलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसच गांवची पाटिलकी द्यावी, म्हणजे लोक आपण होऊन मुलें शाळेंत धाडतील, असा त्याचा आशय आहे. विद्या व अधिकार यांची अशी सांगड त्या काळच्या सरकारी शेतकी धोरणांत आम्हांस दिसत नाहीं.

सोलापुरांत विद्या तर आली. १९३३ मध्यें येथें कोरडवाहू शेतीचें संशोधनकेंद्र निघालें. कानिटकरांच्या देखरेखीखालीं बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांची पद्धति ठरली. जिल्ह्यांतच मोहोळ येथें गांवठी मालदांडीच्या निवडींतून निघालेली ३५-१ ही शाळू ज्वारी आजही पेरली जाते. पण शेताच्या कडेला शास्त्र आलें म्हणून शेतमजुराच्या मुलास कॉलेज जवळ आलें असें होत नाहीं. कॉलेज पुण्यास, राहण्या-जेवणाचा खर्च कोणी सोसावा? महार वतनदाराचे घरीं जमीन थोडी, आणि तीही गांवच्या व सरकारच्या राबणुकीशीं जखडलेली. ही बेडी तोडण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९२८ मध्यें विधेयक आणलें. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें.

म्हणून सोलापूरच्या इतिहासांत संशोधनकेंद्राहूनही आधीची एक गोष्ट आम्ही मोलाची मानतों. बहिष्कृत हितकारिणी सभेनें जानेवारी १९२५ मध्यें या शहरांत अस्पृश्य विद्यार्थ्यांचें वसतिगृह उघडलें. तें हायस्कुलांतील मुलांचें होतें, शेतकीसाठीं नव्हतें. तथापि मॅट्रिकच्या उंबरठ्यापर्यंत मुलगा पोहोंचविल्यावांचून शेतकी कॉलेजाचा दरवाजा उघडा असला काय नि मिटलेला असला काय, सारखेंच. तेथील विद्यार्थ्यांनीं ‘सरस्वती विलास’ नांवाचें मासिकही चालविलें. पोटापाण्याची सोय होतांच मुलें लिहूं-बोलूं लागलीं, हें विशेष.

आज सोलापूर जिल्हा राहुरीच्या विद्यापीठाच्या कक्षेंत असून वडाळा, अकलूज येथें संलग्न महाविद्यालयें आहेत, व मागासवर्गीयांस राखीव जागाही आहेत. यावर एक आक्षेप नित्य ऐकूं येतो कीं, कृषि पदवीधर नांगर धरीत नाहींत, ते स्पर्धापरीक्षांच्या मागें लागून अधिकारी होतात. आक्षेपकांनीं असूडाचा शेवटला भाग पुन्हां वाचावा. शेतकी शिकलेल्या मुलानें गांवचा कारभार हातीं घ्यावा हीच तर मूळची योजना! कोरडवाहू रानांत वाढलेला मुलगा तालुक्याचा कृषि अधिकारी झाला, तर बांधबंदिस्तीची फाईल वाचतांना त्याच्या डोळ्यांपुढें आपल्या घरचें रान येतें. ज्याच्या घरीं बिघाभरही जमीन नाहीं त्या पदवीधरास मात्र शेत करण्याचा उपदेश करणें ही थट्टा होय; तेथें प्रश्न शिक्षणाचा नसून जमिनीचा आहे.

या विषयाची पुढील साधनें दप्तरखान्यांपेक्षां घरोघरच्या पेट्यांतच सांपडण्याचा संभव अधिक. सोलापूरच्या वसतिगृहाचीं हजेरीपत्रकें, ‘सरस्वती विलास’चे अंक, मोहोळ फार्मावरील कामगारांचीं कागदपत्रें वा जुन्या शेतकी शाळांचे दाखले कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, मूळ कागद आम्ही मागत नाहीं.