कापसाचा किल्ला आणि अम्मियानोसची करवत

ऑनसाइटला इझमीरमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. दोन वर्षं घासलेलं प्रोजेक्ट क्लायंटने त्याच आठवड्यात गुंडाळलं होतं. शनिवारी रूमवर बसून कोड आठवत बसण्यापेक्षा म्हटलं, चला पामुक्कले बघून येऊ. सकाळची देनिझलीची बस, पुढे मिनीबस.

तुर्कीत पामुक म्हणजे कापूस आणि कले म्हणजे किल्ला. (हा 'कले' आणि आपला 'किल्ला' दोघेही एकाच अरबी शब्दाची पोरं.) लांबून डोंगरावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. पण चपला काढून हातात घ्यायच्या आणि चढायला लागायचं, की पायाखाली चक्क कोमट पाणी! लहानपणी वज्रेश्वरीच्या कुंडात बाबांनी धरून बुडवलं होतं त्याची आठवण झाली. इथलं पाणी त्यामानाने प्रेमळ, साधारण ३५ अंश. जमिनीतून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड आणि चुना विरघळलेला असतो. वर आल्यावर वायू उडून जातो, चुना खाली बसतो आणि पायऱ्यापायऱ्यांची पांढरी कुंडं तयार होतात. एकेकाळी माथ्यावर चक्क हॉटेलं होती, ती नंतर पाडली. बरं झालं.

वर पोचलो की हिएरापोलिस. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामॉनच्या राजांनी वसवलेलं, इ.स.पू. १३३ मध्ये रोमकडे गेलेलं, इ.स. ६० च्या भूकंपात जमीनदोस्त होऊन पुन्हा उभं राहिलेलं शहर. इथे प्लूटोचं, म्हणजे पाताळाच्या देवाचं, एक 'दार' होतं. आत नेलेले बैल मरून पडत आणि पुजारी मात्र धडधाकट बाहेर येत, असं स्ट्राबोने लिहून ठेवलंय. मला ती थाप वाटायची. पण २०१३ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञांनी ती जागा सापडल्याचं जाहीर केलं आणि २०१८ मध्ये तिथला वायू मोजल्याचा अभ्यास छापून आला. तोच कार्बन डायऑक्साइड! हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साठतो. बैलाचं नाक खाली, पुजाऱ्याचं वर. संपला चमत्कार.

खरा रमलो मी दफनभूमीत. हजारावर थडगी आहेत. फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या थडग्यावर कोरून घेतलंय की आपण ७२ वेळा मालेआच्या भूशिराला वळसा घालून इटलीला गेलो. ७२ ऑनसाइट ट्रिपा, तेही शिडाच्या जहाजाने!

आणि मग अम्मियानोस. तिसऱ्या शतकातला. त्याच्या शवपेटीच्या झाकणावर पाणचक्कीवर चालणारी, दगड कापायची करवत कोरलीय. चाक गोल फिरणार, करवत मागेपुढे सरकणार, म्हणजे मध्ये क्रँक आणि कनेक्टिंग रॉड हवाच. तो दाखवणारं हे आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं चित्र. १७८० साली जेम्स पिकर्डने वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडायचं पेटंट घेतलं आणि बिचाऱ्या वॅटला गिअरची वेगळी युक्ती शोधावी लागली. इकडे हा पठ्ठ्या दीड हजार वर्षं आधीच झोपलेला, झाकणावर डिझाइन घेऊन!

त्याची करवत कोणी, कधी बंद केली असेल? परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे क्रँक काढून बघितला. सेकंड इयरला याच प्रश्नात माझी केटी लागली होती. यावेळी बरोबर आला.