शीळफाट्याच्या सरकत्या वेशी

जुना पुणे रस्ता मुंब्रा-कौसा मागे टाकून, पारसिकच्या डोंगराला उजव्या हाताशी घेत दक्षिणेकडे निघतो आणि थोड्याच अंतरावर, शीळ गावापाशी, त्याला फाटे फुटतात. डावीकडचा रस्ता खिडकाळी, काटई, मानपाडा करीत डोंबिवली-कल्याणला जातो. उजवीकडचा डोंगर ओलांडून महाप्याला उतरतो. सरळ गेलेला रस्ता दहिसर, पिंपरी घेऊन तळोजा-पनवेलची वाट धरतो. वाहनांची कोंडी, भंगाराची गोदामे, दगडखाणींची धूळ एवढीच या फाट्याची ओळख बहुतेक प्रवाशांना असते. तेथे थांबावेसे कोणाला वाटत नाही. तथापि नागरी कारभाराचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याने मात्र येथे घटकाभर अवश्य थांबावे, कारण तीन महानगरपालिकांच्या हद्दी या परिसरात एकमेकींना येऊन भिडतात, आणि गेल्या चार दशकांत त्या इतक्या वेळा सरकल्या आहेत की, आपले गाव आज कोणाच्या दप्तरी आहे हे गावकऱ्यालाच पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे.

शहरांचे कारभार जुने आहेत. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने शहरवासीयांनी मागणी केल्यास नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली. कल्याणने त्याच दशकात तिचा लाभ घेतला, ठाण्याची नगरपालिका १८६३ मध्ये आली. दिवाबत्ती, झाडलोट, विहिरींची निगा हे तिचे काम. सभासद बहुतांशी सरकारने नेमलेले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुकीचे तत्त्व हळूहळू रुजले. या सर्व घडामोडींचा शीळ, दहिसर, निळजे अशा भातखाचरांच्या गावांशी काडीचाही संबंध नव्हता. तेथे पाटील होता, तलाठी होता आणि सातबारा होता. १९५८ च्या कायद्यान्वये ग्रामपंचायती बळावल्या, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली, आणि आगरी शेतकऱ्याला पहिल्यांदाच स्वतःच्या गावापुरते का होईना, मत देण्याचे व सभेत उठून बोलण्याचे ठिकाण मिळाले. ग्रामसभेत कोणाही मतदाराला उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मुंबईची वाढ खाडी ओलांडून आली तेव्हा हे चित्र एका दशकात पालटले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे नगरपालिका आणि भोवतालची ३२ गावे मिळून ठाणे महानगरपालिका झाली. शीळ, डायघर, खिडकाळी, पडले, देसाई ही गावे तिच्यात गेली. बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. तिने डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची खेडी एकाच कवेत घेतली. अंबरनाथ व बदलापूर १९९२ मध्ये पुन्हा वेगळी झाली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि डोंगराच्या अलीकडची, पनवेल रस्त्याच्या अंगाची चौदा गावे (दहिसर, पिंपरी, उत्तरशीव, गोटेघर, भंडार्ली, निघू, नावाळी वगैरे) तिच्या हद्दीत आली. दहा वर्षांत फाट्याभोवतीची एकूण एक ग्रामपंचायत पुसली गेली.

पुसली जाणे म्हणजे काय, हे कायद्याच्या भाषेत कळत नाही. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने, ज्याला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात, विचार करणारे आणि अंमल करणारे असे दोन हात वेगळे ठेवले आहेत. धोरण ठरवायचे ते महासभेने, पैशाचे व निविदांचे पाहायचे ते सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने, आणि अंमल करायचा तो शासनाने नेमलेल्या आयुक्ताने. महिन्यातून निदान एक सर्वसाधारण सभा, तीही वीस तारखेच्या आत, भरलीच पाहिजे. स्थायी समितीचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी तर चिठ्ठ्या टाकून. सभेपूर्वी विषयपत्रिका निघते, प्रत्येक विषयाचा गोषवारा प्रशासन तयार करते, सभेत सूचक व अनुमोदक यांची नावे घेतली जातात, ठरावाला क्रमांक पडतो, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते. आपल्यापैकी ज्यांनी धर्मग्राम परिषदेचे किंवा पतपेढीचे इतिवृत्त लिहिले आहे त्यांना हा सारा व्यवहार परिचित वाटेल. कंटाळवाणाही वाटेल. परंतु गटार, नळ, दवाखाना किंवा शाळेची खोली यांतील कोणतीही वस्तू या कंटाळवाण्या वाटेवाचून गावात येत नाही. ज्याचा विषय पत्रिकेवर चढत नाही, त्याचे म्हणणे कितीही न्याय्य असो, ते सभागृहाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

आणि विषय पत्रिकेवर चढवायचा कोणी? ग्रामसभेत प्रत्येकाला असलेले तोंड आता पाचसहा गावांमिळून एका नगरसेवकाला उरले. तोही लगेच मिळाला नाही. ठाण्याची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. कल्याणला तर १९९५ पर्यंत वाट पाहावी लागली. बारा वर्षे प्रशासकच महासभा होता, प्रशासकच स्थायी समिती होता. गावच्या माणसाने गाऱ्हाणे घेऊन जायचे ते एका अधिकाऱ्याच्या दालनात, आणि तेही कल्याणला. या काळात शेतजमिनींवर विकास आराखड्यातील आरक्षणे पडण्याची भीती होती, मालमत्ताकराची देयके येऊ लागली होती, आणि त्यांच्या मोबदल्यात मिळालेल्या सोयी फारशा दिसत नव्हत्या. गावांत रोष साचला यात आश्चर्य नाही. आश्चर्य वाटते ते हा रोष इतकी वर्षे दम धरून राहिला याचे.

काटई, निळजे, घेसर, कोळेगाव, हेदुटणे, भोपर, संदप, सोनारपाडा, पिसवली, द्वारली अशी कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांची सत्तावीस गावे संघर्ष समितीच्या झेंड्याखाली एकवटली, आणि २००२ मध्ये शासनाने ती महापालिकेतून वगळली. ग्रामपंचायती परत आल्या. विजयोत्सव साहजिक होता. परंतु महानगर थांबलेले नव्हते. जमिनीचे नियोजन ग्रामपंचायतीकडे आले नाही. २००६ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण तेथील विशेष नियोजन प्राधिकरण झाले. म्हणजे गल्लीतला दिवा सरपंचाच्या हाती आणि त्या गल्लीशेजारी किती मजले उठावेत हे वांद्र्याच्या कार्यालयात, अशी विभागणी झाली. काटई-निळजे परिसरात पलावासारखी प्रचंड वसाहत उभी राहिली, आणि तिच्या सावलीत गावठाणांना लागून परवानगीचा पत्ता नसलेल्या चाळी व इमारतीही दाटल्या. पाण्यासाठी दोन्ही प्रकारच्या वस्त्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे बारवी धरणाच्या, नळाकडे पाहत राहिल्या. गंमत अशी की, फाट्याच्या ठाण्याकडील भागालाही त्याच धरणाचे पाणी येते. कारभार निरनिराळे, तहान एकच.

१ जून २०१५ रोजी सत्तावीस गावे पुन्हा महापालिकेत आली. मार्च २०२० मध्ये त्यांतील अठरा वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचे शासनाने ठरवले. नऊ गावे आत, अठरा बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण हद्द बदलण्यापूर्वी महापालिकेशी जो विचारविनिमय कायद्याने आवश्यक आहे तो रीतसर झालेला नव्हता. या निकालाची नोंद मला मोलाची वाटते. मंत्रालयातून निघालेली भली मोठी अधिसूचना अखेर अडली ती कार्यपद्धतीच्या एका साध्या पायरीवर! ज्या सभेचे कामकाज आपण रटाळ म्हणून सोडून देतो, तिचे मत विचारल्यावाचून गावाची वेस हलवता येत नाही.

वसईकर वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी आपल्याकडेही मोर्चे निघाले, उपोषणे झाली आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. फरक इतकाच की, आपल्या गावांपाशी बागायती होती, लिहिती-बोलती माणसे होती, नियतकालिके होती. शीळच्या पलीकडच्या चौदा गावांपाशी यांतले फारसे काही नव्हते.

त्या चौदा गावांची वाट सत्तावीस गावांहून निराळी झाली. आंदोलनानंतर २००७ मध्ये ती नवी मुंबई महापालिकेतून बाहेर पडली आणि पुन्हा जिल्हा परिषदेच्या छत्राखाली आली. पंधरा वर्षांत ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नात रस्ते व पाणी भागेना, तेव्हा तेथील लोकच पुन्हा आत घ्या म्हणू लागले. २०२२ मध्ये विधिमंडळात तशी घोषणा झाली, २०२४ मध्ये समावेश पुरा झाला. नवी मुंबईतून खर्चाच्या बोज्याबद्दल विरोधाचे सूर उमटले. तेही अगदीच निराधार म्हणता येणार नाहीत, कारण डोंगरापलीकडे जलवाहिनी न्यायची तर ती कोणाच्या तरी करातूनच जाणार.

मधल्या काळात भंडार्लीचे प्रकरण घडले. ठाणे महापालिकेला दिव्याची क्षेपणभूमी बंद करायची होती. दिवेकरांनी वर्षानुवर्षे तो धूर गिळला होता आणि त्यांची मागणी रास्त होती. डायघरचा कचरा प्रकल्प सुरू व्हायला अवकाश होता. मग भंडार्लीत खाजगी जागा भाड्याने घेण्यात आली आणि २०२२-२३ मध्ये ठाणे शहराचा कचरा तेथे जाऊ लागला. ग्रामस्थांनी विरोध केला. प्रश्न असा पडतो की, भंडार्लीच्या माणसाने तो विरोध कोणत्या सभागृहात नोंदवायचा होता? ठाण्याच्या महासभेत त्याचा प्रतिनिधी नव्हता, कारण तो ठाण्याचा मतदार नव्हता. नवी मुंबईत तो अद्याप पुरता पोचला नव्हता. त्याच्यापाशी होती ती ग्रामसभा, आणि ग्रामसभेचा ठराव शेजारच्या महापालिकेवर बंधनकारक नसतो. कचऱ्याला मात्र हद्द आडवी आली नाही.

यावरून कोणी म्हणेल की, महापालिकेच्या आत असणे हेच भले. फाट्याजवळच घडलेली एक घटना हे उत्तर देऊ देत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी सायंकाळी शीळ-डायघर येथील लकी कंपाउंडमधील, बांधकाम अद्याप चालू असतानाच माणसे राहायला आलेली, एक बहुमजली इमारत कोसळली. ७४ जीव गेले. त्यांत अनेक लहान मुले होती. इमारतीला परवानगी नव्हती. अवघ्या काही महिन्यांत मजल्यावर मजला चढला होता. ही जागा काही वेशीबाहेरची नव्हती. शीळ १९८२ पासून, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, ठाणे महापालिकेत होते. तेथे प्रभाग होता, नगरसेवक होता, अनधिकृत बांधकामाला नोटीस देण्यासाठी अधिनियमात २६० वे कलम होते. बांधकाम व्यावसायिकांबरोबरच महापालिकेचे अधिकारी, एक नगरसेवक आणि पोलीस यांनाही पुढे अटक झाली.

आतली कागदपत्रे न पाहता कोणावर निवाडा देणे माझे काम नाही. पण कामाची रीत आपण पाहिली आहे. सहायक आयुक्ताच्या कचेरीत बांधकामांची नोंदवही असते, पाहणी होते, अहवाल वर जातो, नोटीस बजावली जाते, मुदत संपल्यावर पाडकामाची तारीख ठरते. एकेक पायरी क्षुल्लक, कोणाच्याही स्मरणात न राहणारी. मोर्चे निघतात ते हद्दीसाठी. नोंदवहीसाठी मोर्चा निघाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. शीळफाट्याच्या इतिहासात वेस कोठे असावी यावर जेवढी शक्ती खर्च झाली, तिचा अल्पसा वाटा जरी वेशीच्या आतल्या या रोजच्या लिखापढीला मिळता, तरी लकी कंपाउंडचे वरचे मजले कदाचित चढले नसते.

आणि ती लिखापढी तपासणारे सभागृहही दीर्घकाळ रिकामे राहिले. नवी मुंबईच्या लोकनियुक्त सभेची मुदत मे २०२० मध्ये, कल्याण-डोंबिवलीची त्याच वर्षी नोव्हेंबरात, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका झाल्या त्या जानेवारी २०२६ मध्ये. सत्तावीस गावांचा हिशेब मांडला तर १९८३ पासूनच्या बेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा वर्षे प्रशासकाच्या अमलाखाली गेली, तेरा ग्रामपंचायतीच्या आणि उरलेली तेवढी निवडून दिलेल्या नगरसेवकांच्या. प्रशासकांनी कामे केली नाहीत असे नाही. कित्येकदा ती झपाट्याने झाली. मात्र एकच अधिकारी गोषवारा लिहितो, तोच ठराव करतो आणि तोच अंमल करतो, तेव्हा इतिवृत्तात ‘विरोध नोंदवला’ हे शब्द कोठून येणार?

काटई किंवा निळज्याच्या गावठाणातील एखादे कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. १९८३ मध्ये ते महापालिकेच्या करआकारणीत गेले. २००२ मध्ये ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये परत आले, २०१५ मध्ये पुन्हा महापालिकेच्या दप्तरी चढले. दर वेळी मोजणी नवी, क्रमांक नवा, कर नवा. बापाच्या नावाची नोंद एका दप्तरात, मुलाची दुसऱ्यात. वारसाची नोंद करायला गेलेल्या माणसाला या सर्व दप्तरांचे उतारे लागतात, म्हणून तेथली जाणती माणसे घरपट्टीची एकही जुनी पावती टाकून देत नाहीत. पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीखाली, त्या वर्षावार लावून ठेवतात.